बारा संध्याकाळींची बेगमी

आमच्या घरात स्वयंपाकाचा कंटाळा कुणालाच नव्हता. कंटाळा होता तो "आज काय करायचं?" या प्रश्नाचा. स्वयंपाकाचं काय, कुकर लावला, फोडणी टाकली, पाऊण तासात पानं घेतली, संपलं. पण करायचं काय हे ठरवायला सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंतचा वेळ पुरायचा नाही. बायको ऑफिसातून फोन करून विचारायची, मी म्हणायचो, "काहीही चालेल." मी फोन केला की ती म्हणायची, "तुला सोपं पडेल ते कर." दोन्ही उत्तरं साफ खोटी. खिचडी केली की "परत खिचडी?", पिठलं केलं की "नुसतं पिठलं?", आणि पास्ता केला की मुलं खूश आणि आम्ही दोघं रात्री साडेदहाला ओट्यापाशी उभ्या उभ्या दहीपोहे कालवतोय.

हा २००६-०७ चा सुमार. आम्ही तेव्हा सिएटलच्या उत्तरेला, बॉथेलला राहायचो. बायकोच्या नोकरीत आठवड्याआड पेजर गळ्यात पडायचा. कुठे सर्व्हर झोपला की ही तव्यावरची पोळी तशीच सोडून लॅपटॉपकडे धावणार. मी रेडमंडहून ४०५ नंबरच्या रस्त्याने घरी यायचो. त्या रस्त्यावर संध्याकाळी गाड्या चालत नाहीत, नांदतात. मुलाचं पोहणं, मुलीचं व्हायोलिन, आणि या सगळ्याच्या फटीत कुठेतरी रात्रीचं जेवण बसवायचं. पिझ्झा आणून देणाऱ्या मुलाला आमच्या मुलांची नावं पाठ झाली, तेव्हा काहीतरी करायला हवं असं दोघांनाही वाटायला लागलं.

तोडगा शेजारच्या बाईंनी सुचवला. त्या म्हणाल्या, एक दुकान आहे. तिथे जायचं, दोन तासांत बारा दिवसांची रात्रीची जेवणं स्वतःच्या हाताने तयार करून घरी आणायची आणि फ्रीझरमध्ये टाकायची. हवं तेव्हा काढून ओव्हनमध्ये सरकवलं की झालं. भाज्या चिरलेल्या, मसाले मोजून ठेवलेले, मांसाचे तुकडे केलेले. आपण फक्त एकत्र करायचं. आणि भांडी घासायची नाहीत! या शेवटच्या वाक्यापाशी माझं मन वळलं.

ही कल्पना आमच्या अंगणातलीच निघाली. स्टेफनी ॲलन आणि टीना कुना या दोन मैत्रिणींनी २००२ साली आमच्याच वॉशिंग्टन राज्यात 'ड्रीम डिनर्स' नावाने हा उद्योग सुरू केला होता. पुढच्या चार-पाच वर्षांत अमेरिकाभर अशी दुकानं शेकड्यांनी निघाली. कुणाचं नाव 'सुपर सपर्स', कुणाचं 'लेट्स डिश'. आम्ही गेलो ते यांतलं कुठलं हे सांगत नाही, कारण त्यांच्या लझान्यावर आमच्या घरात पुढे जे झालं त्याची जबाबदारी त्यांची नव्हती.

आधी संगणकावर महिन्याचा मेनू बघून पदार्थ निवडायचे होते. म्हणजे एका बैठकीत बारा वेळा "काय करायचं?" ठरवायचं. एरवी किरकोळीत चालणारी भांडणं त्या रात्री घाऊकमध्ये झाली. पोर्क बायकोला नको, कोळंबी मुलाला नको, मशरूम धाकटीला नकोत, आणि ज्यात यांपैकी काहीच नव्हतं त्यात बीफ होतं. शेवटी बरीचशी कोंबडी आणि उरलेलं चीज यावर तह झाला. बारा जेवणं, प्रत्येक सहा जणांचं, मिळून साधारण दोनशे डॉलर. माणशी तीन डॉलरसुद्धा पडत नाहीत, हे दुकानवाले ठासून सांगायचे. हिशेब चोख होता. फक्त आम्ही चौघं होतो, त्यातली दोघं चिमणीएवढं खाणारी.

ठरलेल्या संध्याकाळी बायकोच्या पेजरने घात केला आणि मला एकट्यालाच जावं लागलं. कूलर घेऊन आत शिरलो तर सगळ्या बायका. हात धुतले, एप्रन बांधला, हातमोजे चढवले. एका भिंतीलगत स्टीलची टेबलं, प्रत्येक टेबल एका पदार्थाचं. वर कृतीचं कार्ड, खाली बर्फगार चौकोनी डब्यांतून कांदा, लसूण, सॉस, चीज, आणि प्रत्येकात त्या-त्या मापाचा चमचा किंवा पेला. कार्डावर लिहिलंय एक पेला, तर डब्यातही एकच पेला. अंदाजाला जागाच नाही. आपल्याकडे बायका "मीठ किती?" या प्रश्नाला "लागेल तेवढं" असं उत्तर देतात, इथे मीठ किती लागेल हे कंपनीने आधीच ठरवलेलं. लाल मिरचीचे कण सहा माणसांत पाव चमचा. मी आजूबाजूला बघितलं आणि चमचा भरायला लागलो. तेवढ्यात मालकीणबाई येऊन गोड आवाजात म्हणाल्या, "हवं तसं कमीजास्त करा हं, तुमचंच जेवण आहे." चोरी करायला जावं आणि घरमालकाने किल्ली हातात द्यावी, तशी माझी गत झाली. पुढच्या प्रत्येक टेबलावर तिखटाचा डबा मी रीतसर, उजळ माथ्याने रिकामा केला.

एक गंमत माझ्या उशिरा लक्षात आली. लग्नाची अंगठी मी घालत नाही. आपल्याकडे ती कामगिरी मंगळसूत्राकडे असते. त्यामुळे एकटा पुरुष, बोटात अंगठी नाही, आणि बारा जेवणं सहा-सहा माणसांची! बायांनी मला बघता बघता विधुर ठरवून टाकलं. एकीने हळूच विचारलं, "मुलं केवढी आहेत?" मी सांगितली. तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "फार छान निभावताय तुम्ही." मी म्हटलं, बायको आज कामावर आहे. तिने अशी मान हलवली की माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही. मग पिशवीतली हवा दाबून कशी काढायची, फॉइलच्या ट्रेवर झाकण कसं दुमडायचं, हे सगळं तिने मला शिकवलं. निघताना दुसऱ्या एका बाईने तिचा उरलेला ब्राउनीचा तुकडा माझ्या मुलांसाठी बांधून दिला. मी घेतला. नाही म्हणायला मी काही खरोखरचा विधुर नव्हतो.

त्या खोलीतला गलका मात्र ओळखीचा होता. नाशिकला आजीच्या वाड्यात उन्हाळ्यात वाळवणं घातली जायची, तेव्हा असाच असायचा. आळीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या, डांगर कुटलेलं असायचं, एक जण लाट्या करणार, बाकीच्या पापड लाटणार, आम्ही पोरं तेलात बुडवून लाट्या पळवणार आणि उरलेल्या वेळात गच्चीवर कावळे हाकणार. आज एकीचे पापड, उद्या दुसरीच्या कुरडया. वर्षाची बेगमी व्हायची आणि आळीतल्या समस्त सासवांचा हिशेबही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर हेच काम सुरू केलं आणि त्याचं 'लिज्जत' झालं. त्यांनी निदान पापड लाटणाऱ्या बाईला पैसे दिले. आमच्या राज्यातल्या दोघी त्यांच्याही पुढे गेल्या. इथे लाटणारी बाईच पैसे देते, वर "किती मजा आली" म्हणून पुढच्या महिन्याची तारीख घेऊन जाते.

यावर मला एक सुंदर सिद्धांत सुचला होता. अमेरिकेत केकचं तयार पीठ खपेना, तेव्हा कंपन्यांनी म्हणे त्यातली अंड्याची पूड काढली आणि ताजं अंडं बायकांनाच घालायला लावलं. आपण काहीतरी केलं असं वाटल्यावर खप वाढला. हे मी कूलर उतरवता उतरवता बायकोला ऐकवलं. तिने लगेच शोधून सांगितलं की ताजं अंडं घालायचं पीठ पिट्सबर्गच्या एका कंपनीने १९३० च्या दशकातच काढलं होतं, आणि ही गोष्ट पुढे जाहिरातवाल्यांनी रंगवलेली आहे. असो. तेव्हा तिच्या पेजरला वाजायला काय झालं होतं कोण जाणे.

खरी अडचण फ्रीझरची. मराठी माणसाचा अमेरिकेतला फ्रीझर रिकामा नसतो. त्यात खवलेला नारळ, मटार, कढीपत्ता, गुजराती दुकानातले पराठे, गणपतीत उरलेलं मोदकाचं सारण आणि कुणीतरी भारतातून आणलेली, काय आहे ते कुणालाच आठवत नाही अशी एक पुडी असते. बारा ट्रे आत जाण्यासाठी या सगळ्यांना बाहेर यावं लागलं असतं. कढीपत्त्यावर तडजोड शक्य नव्हती. मग गराजसाठी पेटीसारखा मोठा फ्रीझर आला. माणशी तीन डॉलरच्या हिशेबात तो कुठे धरायचा, यावर आम्ही आजपर्यंत बोललेलो नाही.

ट्रेवरच्या चिठ्ठीवर एक ओळ बारीक अक्षरात होती: आदल्या दिवशी फ्रिजमध्ये काढून ठेवा. म्हणजे संध्याकाळी सहाला "आज काय?" म्हणायचं नाही, रात्री दहाला "उद्या काय?" म्हणायचं. पूर्वी भूक लागलेली असताना भांडायचो, आता पोट भरल्यावर भांडायला लागलो. प्रगती म्हणायची तर ही. आणि आदल्या रात्री दोघांनी मिळून चिकन ठरवून काढून ठेवावं, तर दुसऱ्या दिवशी कॅलेंडर सांगणार की आज चतुर्थी.

अशात आई सहा महिन्यांसाठी ठाण्याहून आली. शुद्ध शाकाहारी. तिने गराजमधला फ्रीझर उघडला.

"हे काय आहे रे?"

"लझान्या. तुला चालेल, नुसतं चीज आहे."

"कधीचा?"

"गेल्या महिन्यातला."

आईने तो ट्रे दोन बोटांनी परत ठेवला. मग किंमत विचारली आणि पंचेचाळीसने गुणली. "नऊ हजार रुपये! आणि केलंस तूच?"

"हो."

"मग नऊ हजार कशाचे?"

"कांदा चिरल्याचे. आणि भांडी घासल्याचे."

पुढचे दोन दिवस ती माझ्याकडे, दुकानातल्या त्या बाया बघायच्या तशीच बघत होती. तिसऱ्या दिवशी बायकोने अगदी सहज आवाजात विचारलं, "आई, हल्ली तुमच्याकडे पोळ्या कोण करतं?"

"पोळीभाजी केंद्रातून आणते. दोन माणसांसाठी कणीक तिंबत कोण बसणार?"

"आणि भाजी?"

"भाजी घरीच करते मी."

"निवडून, चिरून?"

"गवार निवडलेली मिळते ना स्टेशनबाहेर. तोंडली चिरलेली, मटकी मोड आलेली. फणस तर सगळेच सोललेला घेतात." इथे आईला प्रश्नाचा रोख कळला. "ते वेगळं. फोडणी माझी असते."

मला हे पटलं. लोकलमध्ये मेथी निवडत घरी जाणाऱ्या बायकांनी, दादरला चिरलेल्या भाजीची पाकिटं विकणाऱ्यांनी, केंद्रातल्या पोळ्या लाटणाऱ्यांनी मिळून आपल्याकडे हा धंदा कधीच बसवलेला आहे, एका छपराखाली नाही एवढंच. घरचं जेवण कुठून सुरू होतं याची हद्द प्रत्येकाने आपल्या सोयीने आखलेली असते. दुकानाने ती ओव्हनच्या दारापाशी आखली होती, आईने फोडणीपाशी. आणि त्या तत्त्वाला जागून तिने पुढच्या शनिवारी लझान्या ओव्हनमधून काढल्या काढल्या त्यावर मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि सुक्या मिरच्यांची चरचरीत फोडणी ओतली. चीज किंचित दचकलं. मुलांनी ट्रे चाटून पुसून संपवला आणि नंतर साधा लझान्या खायला साफ नकार दिला. आईने बघता बघता सगळे शाकाहारी ट्रे घरचे करून टाकले. एन्चिलाडाला लसणीची, पालक घातलेल्या पास्त्याला जिऱ्याची. पुन्हा दुकानात गेलो तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं, कुठला पदार्थ जास्त आवडला? काय सांगणार?

२००८ ची मंदी आली आणि ही दुकानं आली तशीच भराभर मिटली. आमचंही. दोनशे डॉलर एकरकमी काढून द्यायला लोक कचरू लागले, आणि सुपरमार्केटांनी तोवर चिरलेल्या भाज्या, मुरवलेलं मांस, सगळंच विकायला काढलं होतं. कॉस्कोत अख्खी भाजलेली कोंबडी पाच डॉलरच्या आसपास मिळते. तिच्यापुढे दोन तास एप्रन बांधून उभं कोण राहील? पुढे २०१२ च्या सुमाराला नवं खूळ आलं. ब्लू एप्रनवाले, हॅलोफ्रेशवाले एका जेवणाचं सगळं सामान मोजून खोक्यातून घरपोच पाठवायला लागले. मोठ्या आशेने आम्ही एक खोकं मागवलं. उघडलं तर आत एक अख्खा कांदा आणि तो बारीक चिरण्याची सचित्र कृती. ज्या एका कामासाठी माणूस नऊ हजार रुपये मोजायला तयार होता, तेवढंच यांनी शिल्लक ठेवलेलं! बायकोने खोकं बंद केलं आणि व्हॉट्सॲपवर गावातल्या ज्या मराठी बाई घरगुती डबे देतात त्यांना निरोप टाकला. त्या मेनू स्वतः ठरवतात, कुणाला विचारत नाहीत. आमच्या संसारावर त्यांचे थोर उपकार आहेत.

हे सगळं परवा आईला फोनवर सांगितलं. विकतचं रोज खाऊ नये, घरचं ते घरचं, असं तिने अर्धा तास ऐकवलं. मग एकदम आवाज चढला. "आणि आमच्याकडचा मेला हा केंद्रवाला! दिवाळीला चक्क चार दिवस बंद ठेवणार म्हणतो. माणसांनी ऐन सणाचं जेवायचं काय?"