विषय : राखणदाराच्या ड्युटीची वेळ बदलण्याबाबत

बा राखणदारा महाराजा,

वाडीतल्या समस्त मंडळींच्या वतीने तुला हे अनावृत पत्र. तुझ्यापुढे तोंडी गाऱ्हाणं घालायचं असतं, हे ठाऊक आहे. पण गाऱ्हाण्यात दर वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणून सगळे मोकळे होतात आणि काम कोणी करायचं ते काही ठरत नाही. म्हणून या खेपेला लेखी.

तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही. तिकडे आरवलीच्या वेतोबाला लोक भल्या थोरल्या वहाणा वाहतात आणि रात्रीच्या फेऱ्यांनी त्या झिजतात, असं सांगतात. तूही रात्रभर वेशीवर फिरत असणार. अडचण एवढीच की आमचं सव्वा वर्षाचं पोर रात्री गाढ झोपतं. ते धडपडतं सकाळी, आणि वेशीवर नाही, घरात. त्या वेळी सून मासळी साफ करत असते, सासू चुलीपाशी, सासरा बंदरावर लिलावाला, काका मोबाइलमध्ये. घरात माणसं सात, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की उरलेली सहा पोराकडे बघताहेत. आणि सातही जणांना विचारलं तर उत्तर एकच : "राखणदार आसा मां!"

तेव्हा तुझी नवी कामं समजून घे.

पहिली बाव. जांभ्याचा कठडा आहे, पण त्याला लागून दगडी दोण. दोणीवर चढलं की कठडा पोराच्या छातीखाली येतो. वर लोखंडी जाळी घालता येईल; पण कळशी सोडताना दर वेळी ती उचलायची कोणी? त्यापेक्षा तूच कठड्यावर बसून राहा. रात्रपाळी करून आलेला असशील, तरी डुलकी काढू नको.

समुद्राची भीती आम्हाला आहेच. वाडीत कोणालाही विचार, पोराला समुद्रापासून लांब ठेवा म्हणून सांगेल. पण समुद्राच्या आधी न्हाणीतली बादली येते. तिच्यात वीतभर पाणी असलं तरी पुरतं. चालायला लागलेल्या पोराचं डोकं अंगाच्या मानाने जड; वाकताना तोल गेला की ते वर काढता येत नाही. ओरडताही येत नाही. आम्ही मात्र 'काय झाला तर रडतलो मां' या भरवशावर. बादली रिकामी करून उपडी घालणं आम्हाला जमायचं नाही. धो धो पावसातसुद्धा भरलेली बादली दिसली नाही तर आमच्या आजीला चैन पडत नाही.

त्याच न्हाणीत आम्ही आधी कढत पाणी ओततो आणि मग विसण आणायला उठतो. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजतं, पोराला तेवढाही वेळ लागत नाही. गार पाणी आधी घातलं तर एक पैसा जास्त लागणार नाही, पण रीत मोडेल. भाजलंच तर भाग २० मिनिटं नळाच्या पाण्याखाली धरा, असं डॉक्टर सांगतात. आम्ही कोकमाचं तेल लावतो, त्यावर टूथपेस्ट, त्यावर शेजारणीचा सल्ला.

बाकी किरकोळ. आदोळी, म्हणजे विळी, काम झालं की उचल. गऱ्या पडवीतून वर टांग. पाहुणे लाडाने शेंगदाणे भरवू लागले तर त्यांचा हात धर, घशात अडकतात. होडीच्या इंजिनाचं रॉकेल आम्ही कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवतो, तीही बघ. पोर ते प्यायलं तर उलटी काढायची नसते, रॉकेल फुप्फुसात जातं. आम्ही मीठपाणी पाजून हमखास काढणार. आणि प्रकरण हाताबाहेर गेलं की गाडी गोव्याला, बांबोळीच्या इस्पितळात. आमच्या मालवणपासून सुमारे शंभर किलोमीटर.

आता एक गोष्ट सांगतो, रागावू नको. बांगलादेशात घरोघरी तळी. तिथल्या लोकांनी आधी बघितलं की पोरं बुडतात कधी, तर सकाळी, आया कामात असताना. मग त्यांनी गावातल्याच बायकांच्या घरी 'आंचल' नावाची पाळणाघरं काढली, वेळ ९ ते १. तिथे येणाऱ्या पोरांमधलं बुडण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटलं. नवस नाही, अंगारा नाही. नेमून दिलेली एक बाई आणि बंद दार. आमच्याकडे अंगणवाडीची शाळा तीन वर्षांच्या पुढे. त्याआधीची पोरं तुझ्या खात्यात.

तर महाराजा, सकाळी ९ ते १ ही पाळी तू घे. मानधन ठरलेलंच, वर्षाकाठी कोंबडा आणि नारळ. जमणार नसेल तर तसा स्पष्ट कौल दे. म्हणजे रोज सकाळी घरातल्या एकाच माणसाचं नाव घेऊन आम्हाला सांगावं लागेल : जेवणं होईपर्यंत पोर तुझ्याकडे, मोबाइल फळीवर.

तुझाच,
वाडीतला एक आजा

ता. क. : बावीवरच्या जाळीचा भाव काढून ठेवलाय. तुझ्या कोंबड्या-नारळापेक्षा जास्त आहे, पण ओटीवरच्या टीव्हीपेक्षा कमी.