आधी कपड्यांचा जोड द्या

पहिल्या महायुद्धात लाखो सैनिकांना एका तापाने आडवं केलं. दर चार-पाच दिवसांनी उलटणारा ताप आणि नडग्यांत जीवघेणा ठणका. खंदकांतला म्हणून ‘ट्रेंच फीव्हर’. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा लेखक टोल्किन १९१६ साली सॉमच्या आघाडीवरून मायदेशी परतला तो याच तापामुळे. युद्ध संपलं आणि जग तो विसरलं. १९९३ साली तो अमेरिकेत, सिअ‍ॅटलमध्ये पुन्हा सापडला, बेघर माणसांच्या रक्तात. पुढे फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये, २०२० साली डेन्व्हरमध्ये.

तो पसरवते ऊ. डोक्यातली नव्हे, कपड्यांतली. तिचा मुक्काम बगलेच्या शिवणीत, कॉलरच्या दुमडीत, कमरेच्या पट्टीत. तिथेच ती दोऱ्यांना लिखा चिकटवते. रक्त प्यायला तेवढी अंगावर येते, की परत शिवणीत. तिच्या विष्ठेत बार्टोनेला क्विंटाना हा जिवाणू असतो. माणूस खाजवतो, कातडी सोलवटते, जिवाणू आत जातो.

कित्येकदा ताप जाणवतही नाही. जिवाणू महिनोन्महिने रक्तात राहतो आणि हृदयाच्या झडपा निकामी करू शकतो. नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये तो सहसा वाढत नाही. अँटिबॉडी किंवा पीसीआर तपासणी मुद्दाम सांगावी लागते. ती कोण सांगणार? रात्री कुठे झोपता, कपडे कधी धुतले होते, हे ज्या डॉक्टरने विचारलं असेल तोच. बाकीच्यांच्या कागदांवर ‘कल्चर निगेटिव्ह’.

डॉक्सिसायक्लिन, जेंटामायसिन ही औषधं आहेत. झडप बदलता येते. पण शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या हातात घरी सोडताना (कुठलं घर?) त्याचेच न धुतलेले कपडे दिले, तर त्या उपचाराला काय अर्थ? आणि कित्येक शहरं फुटपाथवरचे तंबू हटवताना त्या माणसांचं सामान कचऱ्याच्या ट्रकमध्ये टाकतात. बदलायचा जोडही त्यातच जातो. याचा मला मनस्वी संताप येतो.

ऊ मारायला ५५ अंशांच्या आसपासचं पाणी आणि गरम ड्रायर पुरतो. माणसाच्या रक्तावाचून ती आठवडाभरात मरते. म्हणून वॉशिंग मशीनचा खर्च आरोग्य खात्याच्या बजेटात हवा, समाजकल्याणाच्या उरल्यासुरल्या पैशांत नको. मशीन फुकट हवं, रात्रीही चालू हवं. आणि ज्याच्याकडे एकच जोड आहे, त्याने तो धुवायला टाकल्यावर अंगात काय घालायचं, याची सोयही तिथेच हवी.