‘इतर’ म्हंजे काय जी?

ऐकलं का जी तुम्ही? नाही? मग बसा या बाकड्यावर. पाय वर घ्या, गोष्ट लांबायची आहे. अन् आवाज जरा खालीच ठेवा. का, ते शेवटी सांगतो.

आमच्या नाकाडोंगरी गावात सध्या जे चाललंय ते तुमसरपर्यंत पोचायच्या आत तुमच्या कानावर घालतो. धानावर तुडतुडा पडला तर निदान फवारणी तरी करता येते. यावर औषध नाही. आमच्या बाया हिशोब लिहू लागल्या आहेत! दिवाबत्ती झाली की पोराच्या मागच्या इयत्तेच्या वहीतली कोरी पानं काढून, दाभणानं शिवून, मांडी घालून बसतात. टमाटर वीस, सांबार (तुमची कोथिंबीर) पाच, पोराचं बिस्कीट दहा. रुपया न रुपया. आणि नवरा हातपाय धुऊन यायच्या आत प्रश्न तयार: “आज किती गेले जी?” किती गेले! मयतीच्या घरी विचारावं तसं.

आता हा पानठेला म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. चिखल्याच्या नाहीतर डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निवृत्त झालेले, धान कापून मोकळे झालेले, आणि मुळात मोकळेच जन्मलेले असे सगळे जाणते लोक इथे बसतात. या बाकड्यावर दिल्लीची सरकारं पडली, बावनथडीचं पाणी कालव्याला सोडलं गेलं आणि बंदही केलं गेलं. पण बोलता बोलता कुणाच्या तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा कधी खाली पडला नव्हता. परवा पडला. एक काकाजी आले, कपाळाला हात लावून म्हणाले, “सून म्हनते, मामाजी, या महिन्याचं तुमचं बजेट संपलं.”

सासऱ्याचं बजेट! सुनेनं ठरवलेलं! आणि महिन्याची तारीख कोणती? अकरा.

हे खूळ गावात आणलं कुणी, यावर बाकड्यावर तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष मोबाइलला दोष देतो. नागपूरकडून आलेल्या एका सुनेनं कुठलासा व्हिडिओ पाहिला म्हणे, ‘काकेबो’ नावाचा. काकाजींना वाटलं आपल्यावरच काही टोमणा आहे. चौकशी केल्यावर कळलं की हानी मोतोको नावाच्या जपानी पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्च लिहायची वही काढली, तीच ही. महिन्याच्या सुरुवातीला मिळकत मांडायची, किती शिल्लक टाकायची ते आधी ठरवायचं आणि मग उरलेल्यात घर चालवायचं. आजकाल लोक तिच्यात चार रकाने पाडतात: गरज, हौस, संस्कृती आणि अचानक आलेला खर्च. १९०४ साली निघालेली बाई आत्ता नाकाडोंगरीत पोचते म्हणजे नक्कीच तुमसर रोड–तिरोडी गाडीनं आली असणार आणि गोबरवाहीला उतरून पुढे चालत.

दुसरा पक्ष बचत गटाला धरतो. नाबार्डनं १९९२ मध्ये बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही हसलो होतो. बाया काय बचत करणार, आठवड्याला भेटतील, गप्पा मारतील, चाय पितील. मग त्यांची पंचसूत्री आली: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. पहिली चार सूत्रं गटाच्या सतरंजीवर राहिली, त्यामुळे आम्हाला त्रास नव्हता. पाचवं सूत्र मात्र पदराला चिकटून घरात आलं.

तिसरा पक्ष म्हणतो, सगळं लाडक्या बहिणीनं केलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राखीच्या तोंडावर दोन महिन्यांचे तीन हजार एकदम खात्यात पडले. बाकड्यावर त्या दिवशी फार आनंद होता, कारण प्रत्येकाला वाटलं की घरात पैसा आला म्हणजे तो आपल्यापर्यंत येईलच. नदीपलीकडे मध्य प्रदेशात आमचे सोयरे आहेत. त्यांच्याकडे लाडली बहना २०२३ पासूनच सुरू. तिथल्या एका व्याह्यांनी आम्हाला वेळीच सावध केलं होतं, “पैसा येते, पन तो पाहाले मिळत नाही.” आम्ही लक्ष दिलं नाही. पंधराशे रुपये बाईच्या खात्यात, बाईच्या आधारवर, बाईच्या अंगठ्यावर. आणि एकदा का स्वतःच्या नावानं पैसा आला की माणसाला तो मोजावासा वाटतो. आम्हाला वाटलं होतं की ती तिचेच मोजेल. तिनं सगळेच मोजायला घेतले.

आता या वह्यांपायी घराघरात काय अनाचार चालला आहे ते ऐका.

एका घरी तेलाच्या पिपीवर मार्करनं रेघा मारल्या आहेत, दवाखान्यातल्या औषधाच्या बाटलीला असतात तशा. पहिल्या रेघेवर सोमवार, दुसरीवर मंगळवार. बुधवारच्या रेघेखाली तेल गेलं तर गुरुवारी तरोट्याची भाजी, नुसती वाफवून. पावसाळ्यात निदान सात्या, म्हणजे रानातल्या अळिंब्या, तरी निघतात, फुकट. त्या घरी गेल्या श्रावणात इतक्या सात्या खाल्ल्या गेल्या की शेजारी म्हणे, यांच्याच अंगावर आता उगवतील.

दुसऱ्या घरी पाहुणा आला की पूर्वी दारातूनच आवाज जायचा, “अवो, चाय मांड!” आता विचारतात, “चाय घेऊनच निघाले असान ना जी?” याला काय उत्तर देणार? हो म्हटलं तर चाय गेला, नाही म्हटलं तर अब्रू.

तिसऱ्या घरची गोष्ट तर कुणाला सांगू नका. एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. त्याआधी २०२२ मध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास पूर्ण मोफत झाला. त्या घरच्या वहीवाल्या वहिनीनं या दोन्हींचा मेळ घातला. किराणा तुमसरला स्वस्त पडतो, पण जाण्यायेण्याचं अर्धं भाडं धरलं तरी फायदा जातो. घरात मोफत तिकिटाचा माणूस कोण? आजोबा! आता बुढा महिन्यातून दोनदा थैली घेऊन तुमसरला जातो, साखर-डाळ-साबण घेऊन येतो. गावात बोंब झाली, म्हाताऱ्याला हमाल केला म्हणून. मी मुद्दाम आजोबांना विचारलं. ते म्हणाले, “दहा साल झाले, मले कोनी कुठंच पाठवत नव्हतं.” आणि हळूच सांगितलं की बसस्टँडवर भजी खातात. ती वहीत नाही.

आणखी एका घरी रिमोटमधले सेल काढून ठेवले आहेत. बातम्या लावायच्या तर उठून टीव्हीचं बटण दाबा. अहो, डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज सुक्या सेलच्या कारखान्यांना जातं, अख्ख्या देशाच्या टॉर्च त्यावर पेटल्या आणि आमच्याच गावात सेल काटकसरीत? हा मुद्दा बाकड्यावर फार गाजला. ठराव झाला नाही, कारण लिहून घ्यायला कुणाकडे वही नव्हती.

तसं एका गोष्टीत मी या बायांची बाजू घेतो. पोरांच्या मोबाइलचा रिचार्ज. तो महिन्याचा म्हणून मारतात, पण असतो अठ्ठावीस दिवसांचा. आमच्या घरच्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून मला दाखवलं की वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. तेरावा महिना आम्ही कित्येक वर्षं भरत होतो आणि कुणाला पत्ता नव्हता. चार बुकं शिकलेला पोरगा गप्प. मीही गप्प.

मात्र एक वाद अजून मिटलेला नाही, आणि तिथे बाकडं खरंच बरोबर आहे असं माझं मत आहे. त्या मोबाइलवाल्या सुनेनं आणखी एक अमेरिकन सूत्र आणलं. एलिझाबेथ वॉरेन नावाच्या बाई, ज्या पुढे तिकडे सिनेटर झाल्या, त्यांनी लेकीबरोबर २००५ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात ते आहे. पगारातले पन्नास टक्के गरजेला, तीस हौसेला, वीस शिलकीला. छान. पण पगार? खाणीत कायम असलेल्यांना ठीक आहे, त्यांची एक तारीख असते. आमची एक तारीख कुठली? चैत्रात मोहफूल वेचलं तर चार पैसे, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडे बांधले तर आणखी थोडे, मग रोवणीला जो काही असेल तो चिखलात. दिवाळीनंतर धान निघतं, ते आधारभूत केंद्रावर न्यायचं, तिथं काट्याची पाळी, मग बारदाना, मग चुकाऱ्याची वाट. बोनस जाहीर होतो हिवाळ्यात आणि हातात पडतो तेव्हा कूलर लागलेले असतात. ज्याचा पैसा वर्षातून दोनदा येतो त्याला महिन्याचं बजेट शिकवणं म्हणजे पाच महिने कोरड्या असलेल्या बोडीत रोज एक बादली मासोळी धरायला सांगणं.

हे मी घरी बोलून दाखवलं. आमच्या घरच्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, “म्हनूनच त लिवाव लागते जी. रोज येनाऱ्याले काहाले पाहिजे वही?”

बरं, वही हे नवीन खूळ आहे हेही खोटं निघालं. पेठेकडच्या एका आजीनं ट्रंकेतून अहेराची वही काढली. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या. कुणाच्या लग्नात कुणी अकरा रुपये दिले, कुणी पितळी गडवा, कुणी पायली तांदूळ, कुणी नुसतंच लुगडं “तेही उतरलेलं” असा शेरा. परत करताना तेवढंच, वर एक रुपया. चाळीस वर्षांचं येणं-देणं त्यात होतं आणि एक पैशाची चूक नव्हती. बाया लिहीतच होत्या. फक्त तेव्हा दुसऱ्यांचं लिहीत, म्हणून आम्हाला फार कौतुक होतं.

तर आता मूळ मुद्द्यावर येतो. या वह्यांमध्ये एक रकाना आहे, ‘इतर’. सुरुवातीला तो पुरुषांनीच सुचवला. खर्रा असं वहीत लिहिणं बरं दिसत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखू-सुपारीही तिच्यात आली. त्यामुळे खर्रा कुठे मिळत नाही, फक्त सगळीकडे खाल्ला जातो. अशी वस्तू हिशोबात कशी घालणार? ‘इतर’ लिहा, विषय संपवा. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग गटाच्या बैठकीत एकीनं सहज विचारलं, “तुमच्या घरी ‘इतर’ किती?” दुसरीनं सांगितलं. तिसरीनं सांगितलं. सगळ्यांकडे गरज वेगळी, हौस वेगळी, पण ‘इतर’ सारखाच.

मग एकीनं गणित मांडलं. एक पुडी तीस रुपयांची धरा. सकाळी एक, सायंकाळी एक, साठ. महिन्याचे अठराशे. सरकार बाईला देतं पंधराशे. म्हणजे लाडकी बहीण योजना पूर्णच्या पूर्ण दाजींच्या गालात जाते आणि वर तीनशे घरातून. तिथे थांबावं की नाही? नाही. वर्षाचे एकवीस हजार सहाशे. धानाचा २०२५-२६ च्या हंगामाचा आधारभूत भाव २३६९ रुपये क्विंटल. भागाकार केला. नऊ क्विंटल! एक माणूस वर्षाला नऊ क्विंटल धान चावून पिंकतो. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायांसह मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या होत्या, ते सरकारवर होतं, समजू शकतो. हे भागाकार घेऊन उतरणं मात्र माणसाला पळायला जागा ठेवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून हे बाकडं पाहा. अर्धं रिकामं. जे येतात ते बडीशेप चघळतात. बडीशेप, आणि नाकाडोंगरीत!

तरी भाऊबीज झाली, मंडईची जत्रा आली, तेव्हा आम्हाला वाटलं आता या वह्या वाहून जाणार. लेकी-जावई येणार, घराघरात कोंबडा कापला जाणार, रात्री दंडार बसणार, पोरांना पाळणा, फुगे, जिलेबी. मंडईत हिशोब करणारा माणूस अजून जन्मायचा आहे. मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी घरची वही चोरून पाहिली. सगळा खर्च होता, अगदी जावयाच्या कोंबड्यासकट. रकाना कोणता? ‘संस्कृती’. जपानच्या बाईनं खास आमच्यासाठीच ठेवला असावा. आणि पुढे पेन्सिलनं लिहिलेलं, “जून महिन्यापासून थोडे थोडे टाकले होते.” मी वही होती तशी ठेवून दिली.

तिथंच थांबलो असतो तर बरं होतं. पण त्याच पानावर खाली माझं नाव होतं आणि पुढे आकडा, एक्केचाळीस. मी घरी वीस खर्र्यांच्या वर कधी कबूल केलेलं नाही. उरलेले एकवीस तिला कळले कसे? पोरगा सांगणार नाही, त्याचं माझ्याकडे गुपित आहे. मित्र सांगणार नाहीत, त्यांचं सगळ्यांचंच आहे. रात्रभर विचार केला.

काल सकाळी इथे आलो. ठेलेवाल्याला म्हटलं, माझी उधारी काढ रे. त्यानं वही पुढे सरकवली. माझं नाव, तारखा, एक्केचाळीस. अक्षर गोल, टपोरं, ‘ख’ ला पोट जरा मोठं. हेच अक्षर मी गटाच्या ठरावाच्या कागदावर घरी पाहिलेलं. मी म्हटलं, “ही उधारी लिहितं कोण?” तो चुना लावता लावता म्हणाला, “मले कुठं एवढं लिवता येते जी? घरची लिवते. गटाची सचिव हाय ना ते.”

म्हणून म्हटलं, आवाज खाली ठेवा, ती मागंच आहे, सुपारी फोडते आहे.

“लावू का एक? लिवून ठेवतो,” तो म्हणाला. मी म्हटलं, लिहू नको, रोख देतो, आणि खिशात हात घातला. दहाची नोट निघाली. तिला टाचणीनं चिठ्ठी लावलेली होती: सांबार ५. बाकी ५ परत.