साडेतीन क्विंटलांचा हप्ता

माझा सिबिल स्कोअर उणे एक आहे. आकडा छपाईत चुकलेला नाही. ज्याने जन्मात कर्ज घेतलं नाही त्याच्या नावापुढे असाच पडतो. सत्तावीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, उधारीवर साधी सायकल आणली नाही, आणि फळ काय, तर शून्यालाही माझ्यापेक्षा एक मार्क जास्त.

हा शोध बँकेत लागला. पोराला नागपूरला एमसीए करायचं होतं. बीसीए त्याने इथेच, मध्य प्रदेशातल्या बालाघाटात केलं. आमच्या गावात पानठेल्यांच्या खालोखाल पीजीडीसीएचे बोर्ड दिसतात. म्हटलं, बाबा रे, वर्षभराचा तो डिप्लोमा कर, दोन वेळ घरी जेव. पण साहेबांना वैनगंगेपलीकडेच ज्ञान दिसत होतं. एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं, २०२०-२१पासून दोनचं झालं, ही त्याच्या मते फार मोठी बचत. शेती बघणारे माझे थोरले बंधू लगेच म्हणाले, "मंग फीचाबी तिसरा हिस्सा कापला असंन?" पोरगं गप्प.

बँकेतला माणूस भला. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही म्हणाला. फक्त बाप सहकर्जदार म्हणून सही करतो. म्हणजे तारण लागतंच, ते दोन पायांवर चालत येतं एवढंच. शिवाय व्याजावर कलम ८०-ई खाली आठ वर्षं आयकरात सूट, हे त्याने अशा थाटात सांगितलं की मला क्षणभर कर्ज न घेणाऱ्यांची कीव आली. सूट मिळायला आधी कर लागेल एवढा पगार हवा, हे घरी येताना रेल्वे फाटकापाशी सुचलं.

रात्री अंगणात हिशेब मांडला. चार लाख, दोन वर्षांत दोन-दोन करून. व्याज धरा दहा टक्के. शिक्षणाची दोन वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज काही सुट्टीवर जात नाही. तेवढ्यात त्याचं एक लाख होतं. मग पाच लाखांवर सात वर्षं, महिना आठ हजार तीनशे.

"हे रुपयाचं राहू दे," दादा म्हणाले, "धानात सांग."

धानाचा त्या सालचा, म्हणजे २०२५-२६चा, हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल. हप्ता म्हणजे साडेतीन क्विंटल. दर महिन्याला. चौऱ्याऐंशी हप्ते म्हणजे २९४ क्विंटल. आमच्या रानात चांगल्या सालात चाळीसेक क्विंटल होतं. दादांनी बोटांवर मोजलं आणि माझ्या बायकोकडे वळून शांतपणे सांगितलं, "सात साल भात नाही खायचा. पोळ्या करत जाय."

आता कमाईची बाजू. आमच्या गल्लीतला एक एमसीए पुण्यात आहे, बावीस हजार हातात येतात. खोली-मेसचे अकरा, हप्त्याचे आठ हजार तीनशे. उरले दोन हजार सातशे. इकडे कोपऱ्यावरच्या ऑनलाइन सेंटरात बसणारा पीजीडीसीए नऊ हजार घेतो आणि आईच्या हातचं जेवतो. बावीस हजारवाल्यापेक्षा नऊ हजारवाला तिप्पट श्रीमंत, असं गणित मी पहिल्यांदाच सोडवलं आणि तीनदा तपासलं.

बायकोने सरकारी नोकरीचं नाव काढलं. तिथेही बाबूच्या बऱ्याच जागांना सीपीसीटी नावाची संगणकाची परीक्षा लागते, आणि तीत हिंदी टायपिंग. चार लाख देऊन मशीनला शिकवायचं कसं ते शिकायचं, आणि शेवटी स्वतः 'क्ष' कुठल्या बटणावर आहे ते शोधायचं!

मामाजी आले होते. भरवेलीच्या मँगनीज खाणीत त्यांची उभी नोकरी गेली. सगळं ऐकून म्हणाले, "आमाले खाली उतराचे पैसे भेटत होते. हा पैसे देऊन उतरून राह्यला."

पोराने शेवटचा पत्ता टाकला: "मोठे बाबा, पगार तीन वर्षांत दुप्पट होतो."

"धान एका सालात एकूणसत्तर रुपयांनं वाढलं," दादा म्हणाले, "तेबी दिल्लीवाल्यांनी ठरवलं तवा. अन् दुपटीचं म्हणशीन, तर पाऊसबी दरसाली तसंच सांगते."

तरी दुसऱ्या दिवशी सहकर्जदार म्हणून बँकेत सगळ्यांत पुढे दादाच उभे होते. त्यांचा किसान क्रेडिट कार्डाचा स्कोअर सातशेच्या वर निघाला. आयुष्यभर कर्जात असलेला माणूस बँकेला माझ्याहून जास्त भरवशाचा वाटला, आणि खरं सांगायचं तर मलाही.

पोरगं नागपूरला गेलं. पहिल्या सुट्टीला आलं तेव्हा ई-उपार्जन या सरकारी पोर्टलवर धान विक्रीच्या नोंदणीचे दिवस होते. सेंटरवाला पन्नास रुपये घेतो. पोराने अंगणात बसून मोबाइलवर पाच मिनिटांत नोंदणी करून दिली, फुकट. दादांनी वही काढली, पन्नास रुपये जमेला धरले आणि खाली बाकी लिहिली: तीन लाख नव्व्याण्णव हजार नऊशे पन्नास, व्याज सोडून.