कितलामा पडनं?

मुलीच्या प्रवेशासाठी मुंबईला गेलो होतो. येताना घाई होती म्हणून विमानाने जळगावला उतरलो. संध्याकाळीच धुळ्याहून जिभाऊंचा फोन. प्रवेश मिळाला का, कोणतं कॉलेज, पोरगी राहणार कुठे, यातलं काही नाही. थेट मुद्दा.

"पाव्हना, कितलामा पडनं?"

मी आकडा सांगितला. पलीकडे शांतता. मग हिशेब सुरू झाला. रेल्वेत मुंबई ते जळगाव सात तास बसायला मिळतं, तेही तीनचारशे रुपयांत. विमानात जेमतेम तासभर बसायला मिळालं आणि पैसे कितीतरी पट जास्त. "म्हणजे बसनात कमी नि दिनात जास्त!" जिभाऊंच्या मते माझी सरळसरळ फसवणूक झाली होती.

जिभाऊ माझे चुलत सासरे. सरकारी नोकरीत वरिष्ठ लिपिक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. धुळ्यात राहून रेल्वेचा नाद लागणं हीच मुळात गंमत आहे, कारण धुळ्याचं स्टेशन म्हणजे चाळीसगावहून आलेल्या फाट्याचं शेवटचं टोक. जिभाऊंचा मात्र सगळा देश तिथून सुरू होतो. एकदा सरळ नाशिकच्या बसमध्ये बसा म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना विडी ओढायला सांगितली.

त्यांच्या खांद्याच्या पिशवीत एक वही असते. प्रत्येक प्रवासाला एक पान. डावीकडे झालेला खर्च, उजवीकडे 'वाचले'. "लिंबूपाणी (घरचे) – 0. वाचले 20." "रात्र गाडीत – लॉज वाचले." उजवीकडची बेरीज नेहमीच मोठी. त्या वहीवर विश्वास ठेवायचा, तर जिभाऊ फिरून फिरून श्रीमंत झालेले आहेत.

त्यांना हसणं सोपं आहे. अडचण अशी की ते बहुधा बरोबर असतात. रेल्वेचं भाडं घाऊक बाजारासारखं असतं, अंतर वाढलं की किलोमीटरमागचा दर उतरतो, हे मला जिभाऊंनी शिकवलं. म्हणून लांबच्या प्रवासाची तुकड्यातुकड्यांनी तिकिटं काढणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. 500 किलोमीटरच्या पुढच्या तिकिटावर मध्ये उतरून दोन दिवस मुक्काम करता येतो, फक्त पहिले 500 किलोमीटर काटल्याशिवाय उतरायचं नाही, हे कलम ते तिकीट तपासनिसाला ऐकवतात. घरबसल्या मोबाइलवर तिकीट काढलं की वर सुविधा शुल्क पडतं, म्हणून ते स्वतः खिडकीवर रांगेत उभे राहतात. तात्काळ तिकिटाला ते 'दंड' म्हणतात. "दोन महिने आधी अक्कल चालवली नाही, त्याचा दंड!"

या दोन महिन्यांचंही त्यांना दुःख आहे. पूर्वी आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. बाकीच्यांना ही बातमी होती, जिभाऊंचा चार महिन्यांचा आनंद निम्म्यावर आला. तिकीट हातात पडलं की त्यांचा प्रवास जवळजवळ संपलेलाच असतो. पुढे गाडीत बसून जायचं, हे उरलेलं काम.

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा सात दिवसांचा पास त्यांनी एकदा काढला आणि सात दिवस एसटीतून खाली उतरले नाहीत म्हटलं तरी चालेल. खाली उतरलं की पास नुसता खिशात पडून राहतो ना! कोल्हापूरला जाऊन अंबाबाईचा कळस त्यांनी लांबून पाहिला, कारण चंद्रपूरच्या दिशेची बस लागलेली होती. परत आल्यावर त्यांनी आम्हाला महाराष्ट्रातल्या बसस्थानकांची सविस्तर माहिती दिली.

वय लपवणारी माणसं मी खूप पाहिली. वयासाठी भांडणारे हे एकटेच. एसटीत 65 नंतर अर्धं तिकीट आणि ऑगस्ट 2022 पासून 75 नंतर प्रवास मोफत. जिभाऊंचा जन्म खरा दिवाळीतला. पण शाळेत नाव घालताना त्या पिढीतल्या निम्म्या खान्देशासारखी त्यांचीही जन्मतारीख 1 जून लागली. म्हणजे पुढच्या वर्षाची. "त्या मास्तरनी माले सात महिना तिकीट काढाले लाई दिनं!" जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांवर ते मनापासून चिडलेले आहेत. बरं, याच तारखेने त्यांना नोकरीचे सात महिने जास्त मिळाले, हे मी एकदा सुचवून पाहिलं. त्यांना ऐकू आलं नाही.

आता डिसेंबर 2019 ची यात्रा सांगतो, कारण तिच्यात मी स्वतः होतो.

रेल्वेचं एक चक्राकार तिकीट असतं. जिथून निघायचं तिथेच परत यायचं, मध्ये आठ ठिकाणी उतरायची मुभा, आणि सगळा प्रवास लांब पल्ल्याच्या उतरत्या दराने. वर तेव्हा ज्येष्ठांना सवलत होती: पुरुषांना 40 टक्के, बायकांना 50. (मार्च 2020 मध्ये ती बंद झाली. तेव्हाचं एक जुनं तिकीट जिभाऊंनी ज्ञानेश्वरीत ठेवलं आहे.) या तिकिटासाठी ते धुळ्याहून तीनदा भुसावळच्या विभागीय कार्यालयात गेले. एकदा अर्ज द्यायला, एकदा कागद आणायला, आणि तिसऱ्यांदा नुसतं शंकानिरसनाला.

मार्ग ठरला: जळगाव, प्रयागराज, काशी, गया, हावडा, नागपूर, शेगाव, परत जळगाव. मोजले तर उतरायची ठिकाणं सहा भरली. दोन वाया जात होती. जिभाऊंना दोन दिवस झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी टाटानगर आणि बिलासपूर लिहून टाकलं.

"बिलासपूरले आपलं कोन शे?" काकूंनी, म्हणजे जिभाऊंच्या बायकोने, विचारलं.

"कोनी नही. पन थांबा फुकट शे ना!"

अशा रीतीने आम्ही चौघं, ते दोघं आणि मी नि बायको, डिसेंबरच्या थंडीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बिलासपूरच्या फलाटावर बसलो. सामानघराचे पैसे द्यायचे नव्हते, म्हणून दोघांनी बोचक्यांजवळ बसायचं आणि दोघांनी फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. दशम्या गयेलाच संपल्या होत्या. डब्याच्या तळाशी उरलेला चिवडा, केळीचे वेफर्स आणि शेंगदाण्याची चटणी काकूंनी कागदावर मांडली. जिभाऊंनी वही काढून उजव्या बाजूला काहीतरी लिहिलं आणि समाधानाने घोंगडी ओढून घेतली. मला अजून बिलासपूर म्हटलं की तो चिवडाच आठवतो.

पण खरा घात त्याआधी काशीत झालेला होता. दशाश्वमेध घाटावर आरती सुरू व्हायची होती. शेजारच्या पायरीवर एक टोपीवाले गृहस्थ बसलेले, बोलण्यावरून आपल्याकडचे. अमळनेरचे निघाले. जिभाऊंनी रामराम केला, गाव विचारलं, पीकपाणी विचारलं आणि मग सहज, कानात सांगावं तसं, "कितलामा पडनं?"

"काही नही," ते गृहस्थ म्हणाले. "मी तीस मानसं जमाडी लयनू. जमाडनाराचं फुकट."

समोर दिवे ओवाळले जात होते, शंख वाजत होते, काकू डोळे मिटून हात जोडून बसल्या होत्या. जिभाऊ गंगेकडे पाहत होते, पण त्यांना गंगा दिसत नव्हती. तीन वेळा भुसावळ, आठ थांबे, 40 टक्के सवलत, सगळं त्या एका शब्दाने धुऊन नेलं. रात्री धर्मशाळेत त्यांनी वही उघडलीच नाही.

काकूंना उज्जैनला महाकालाला जायचं होतं, कितीतरी वर्षांपासून. जिभाऊंचं उत्तर ठरलेलं: मनमाड–इंदूर रेल्वे होऊ दे. धुळ्यावरून जाणाऱ्या या 309 किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली सप्टेंबर 2024 मध्ये, तेव्हा जिभाऊंनी पेढे वाटले आणि काकू भजनी मंडळाबरोबर खासगी बसने उज्जैनला जाऊन आल्या. दारातच त्यांना तो प्रश्न आला. काकूंनी आकडा आजतागायत सांगितलेला नाही.

येत्या 1 जूनला जिभाऊंची 75 वर्षं पूर्ण होतात. सत्कार नको म्हणाले, त्या दिवशी पहाटेच्या पहिल्या एसटीने पंढरपूरला निघणार आहेत. त्यानंतर दिवाळीत काशी, पुन्हा. या वेळी तीस माणसं जमवून. परवा फोनवर सांगत होते, "अकरा जन हुई ग्यात पाव्हना, एकोनीस बाकी शेतस." त्या अकरांत आम्हा दोघांची नावं न विचारताच घातलेली आहेत. कुणाला यायचं असेल तर कळवा. दशम्या आपापल्या आणायच्या.