टक्का

आमच्या भावोजींचं आयुष्य ऑडिटमध्ये गेलं. त्यामुळे निवृत्तीनंतर ते घरी विमान बांधतायत यापेक्षा त्या विमानाचे व्हाउचर ठेवतायत, असं म्हणणं जास्त खरं.

गुरुग्रामात त्यांच्या इमारतीखाली स्टिल्टमध्ये सगळ्यांच्या गाड्या उभ्या असतात, यांच्या जागेत विमानाची शेपटी. किटचं विमान बहुतेक शेपटीपासूनच सुरू करतात. लहान तुकड्यावर हात बसतो. यांचा दोन वर्षं बसतोय. नोंदवह्या मात्र तीन भरल्या.

‘रात्री 9.10 ते 9.55. रडरच्या पत्र्याची 38 भोकं साफ केली. एकावर नख अडकलं.’ भोकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचं, अडकलं की पुन्हा घासायचं. अडकलेल्या नखाचा फोटोही चिकटवलाय. वाकडी बसलेली रिव्हेट पोखरून काढली, की लाल शाईत ‘माझी चूक’. ताईला हे दोन शब्द तीस वर्षांत ऐकायला मिळालेले नाहीत.

एवढ्या नोंदींचं कारण अमेरिकेतला नियम. घरगुती विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिक्षणासाठी किंवा मौजेसाठी केलेलं असावं लागतं, आणि नोंदवही हा त्याचा पुरावा. “आपल्याकडे काय मागतील ते मागतील, कागद तयार हवा,” इति भावोजी. वॉचमनने बॅटरी धरायला हात पुढे केला तरी ओरडतात, “छूना मत, टक्का जाएगा!”

त्यांचं दैवत म्हणजे कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, 2016 साली ते बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’त मांडलं, 2017 साली त्याची नोंदणीही झाली. “त्यांना आधी गच्चीवरून खाली आणायचं होतं,” भावोजी म्हणतात. “मला फक्त वर न्यायचंय.”

नोव्हेंबरात हवा बिघडली, ग्रॅपचा म्हणजे दिल्ली परिसरातल्या प्रदूषण-निर्बंधांचा तिसरा टप्पा लागला आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘बांधकाम बंद’चा मेसेज आला. तो आपल्यालाच आहे असं धरून भावोजींनी नोंद केली: ‘काम 0 तास. कारण शासकीय. लेखन 2 तास 40 मिनिटं.’

बंदी उठली. रिव्हेट ठोकायला पत्र्यामागून लोखंडी ठोकळा धरणारं दुसरं माणूस लागतंच, तिथे ताई. वॉचमनला पगार असतो, ताई बिनपगारी म्हणजे हौशी, तेव्हा तिचे तास चालतात. वहीत तिचा वेगळा रकाना आहे. ‘उद्देश : शिक्षण / मौज’ यावर खूण करायला भावोजींनी पेन दिलं. तिने दोन्ही खोडून लिहिलं, ‘कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत.’

भावोजींनी खाली विचारलंय, ‘म्हणजे किती मिनिटं?’