डुकरं ऐंशी यार्डांवर, आम्ही सहाशेवर

टेक्ससमध्ये वीस लाखांहून जास्त रानडुकरं आहेत असा अंदाज आहे, आणि त्यांतलं एकही माझ्यामुळे कमी झालेलं नाही.

यात सरकारला बोल लावता येत नाही. 2019 पासून तिथे खासगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. मालकही तयार होता. आमच्या शेजाऱ्याची ह्यूस्टनच्या बाहेर गवताची जमीन आहे आणि डुकरं ती रात्रीतून फुकटात नांगरून देतात. त्याने मला मोठ्या मनाने बोलावलं. रायफल होती. राहिला होता फक्त स्कोप.

ही बातमी मी उत्साहाने गावी, गडहिंग्लजला कळवली. बाबा म्हणाले, "आपल्या उसातपण येतात की. आम्ही पत्र्याचा डबा बडवतो." तंत्रज्ञानाची त्यांना पहिल्यापासूनच ओढ कमी.

जवळच्या नेमासाठी शहाणी माणसं रेड डॉट लावतात. पण मला अ‍ॅस्टिग्मॅटिझम असल्यामुळे तो लाल ठिपका चिरडलेल्या ढेकणासारखा दिसतो. तेव्हा काचेवर रेटिकल, म्हणजे नेम धरायच्या रेघा, कोरलेली एलपीव्हीओ घ्यायची ठरली. म्हणजे एक पटीपासून सुरू होऊन चार, सहा, आठ किंवा दहा पटींपर्यंत जाणारी आखूड दुर्बीण. हा निर्णय अगदी बरोबर होता. त्यानंतरचे मी घेतले.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. एक्सेल उघडलं. कॉलम वाढत वाढत स्क्रीनबाहेर गेले तेव्हा ही मागून डोकावून म्हणाली, "घर घेताना एवढे कॉलम नव्हते रे!"

पहिला प्रश्न फोकल प्लेनचा. रेटिकल पहिल्या प्लेनमध्ये असलं की पट वाढवल्यावर तेही मोठं होतं, आणि त्यावरच्या खुणांचं माप कुठल्याही पटीवर खरं राहतं. दुसऱ्या प्लेनमधलं रेटिकल आहे तेवढंच दिसतं, पण त्याच्या खुणा एका ठरावीक, बहुधा सर्वांत मोठ्या, पटीवरच खऱ्या असतात. जे सोयीप्रमाणे खरं बोलतं त्यावर माझ्यासारख्या तत्त्वनिष्ठाने पैसे का घालावेत? पहिलं प्लेन घेतलं.

दुसरा प्रश्न या खुणांच्या मापाचा. एक एमओए म्हणजे शंभर यार्डांवर 1.047 इंच, एक मिल म्हणजे शंभर मीटरवर बरोबर दहा सेंटीमीटर. दशमान पद्धतीत वाढलेला माणूस इंचापुढे मान कशी तुकवणार? मिल घेतलं. टेक्ससच्या रेंजवर अंतर यार्डांत असतं, कागदावरचे चौकोन इंचाचे असतात आणि शंभर यार्डांवर एक मिल 3.6 इंच भरतो, ही किरकोळ बाब कॉलममध्ये मावली नाही. पहिल्या दिवशी रेंजवर मी गोळ्या कमी झाडल्या आणि भागाकार जास्त केले.

तिसरा प्रश्न रेटिकलच्या नक्षीचा. मी झाडाचं घेतलं. मधल्या रेघेखाली फांद्याफांद्यांनी खुणा पसरत जातात: गोळी किती खाली येईल, वारा तिला किती ढकलेल, सगळ्याची सोय. सहाशे यार्डांवर वाऱ्याचा हिशेब करता येणार म्हणून मी हरखून गेलो. शेजाऱ्याच्या शेतापासून सहाशे यार्डांवर त्याच्या सासूबाई राहतात, हे मागाहून कळलं.

पट अर्थात एक ते दहा. समोरची काच 24 मिलिमीटरची. माउंटसकट वजन पाऊण किलोच्या वर. 

कातरवेळी आम्ही उंच पायांच्या लाकडी खोपीत बसलो. मक्याचं फीडर ऐंशी यार्डांवर होतं. शेजाऱ्याने पावलांनी मोजलं होतं. कळप आला. मी दहा पटीवर गेलो. समोरच्या काचेच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात येणाऱ्या झोताची रुंदी मिळते. इथे ती 2.4 मिलिमीटर. अंधार पडू लागला की डोळ्याची बाहुली याच्या दुप्पट तरी उघडते, आणि उघडलेली तशीच उपाशी राहते. मला काळोखात काळे केस दिसले. कुठल्या डुकराचे, कुठल्या बाजूचे, ते कळेना.

एक पटीवर आलो. डुकरं सगळी दिसली, पण रेटिकल आपल्या तत्त्वाला जागून इतकं बारीक झालं की तेच सापडेना. त्याला उजळणारा दिवा होता. पण तो भर उन्हात दिसतो का, याची कसून चाचणी घेण्यात त्याचा सेल मी आधीच संपवला होता.

चार पटीवर रेटिकलचं झाड उगवलं आणि मागच्या मेस्कीटच्या फांद्यांत मिसळून गेलं. आता ऐंशी यार्डांना कुठली फांदी? मी फोनमधल्या अ‍ॅपला विचारलं. रायफल 50 यार्डांवर झीरो केली, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवली, की .223 ची गोळी दोनशे यार्डांपर्यंत नेमापासून साधारण दोन इंचांपलीकडे हलत नाही. म्हणजे खुणांची गरजच नव्हती, मध्य लावायचा आणि चाप ओढायचा. उत्तर अचूक होतं. फोनच्या उजेडात ते डुकरांनीही वाचलं असावं.

शेजाऱ्याने आपला जुना, कायम चार पटीचा स्कोप डोळ्याला लावला. त्यात नुसतं अधिकचं चिन्ह, कडांना जाड आणि मध्ये बारीक. ल्युपोल्ड कंपनीने साठच्या दशकात रूढ केलेलं. मागे रेंगाळलेलं एक डुक्कर आडवं झालं.

"तू का नाही झाडलीस?" त्याने विचारलं.

"वारा बघत होतो," मी म्हणालो.

बाबांना हे सांगितलं. त्यांनी उलट काही लिहिलं नाही, फक्त वर्तमानपत्रातल्या एका कात्रणाचा फोटो पाठवला. आमच्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, त्याचं ते कात्रण. या प्रकारात रायफलीवर दुर्बीण चालत नाही. बारीक भोकातून बघायचं आणि 50 मीटरवरचं 10.4 मिलिमीटरचं दहाचं वर्तुळ गाठायचं. कुठलंही झाड नाही, फांदी नाही, अ‍ॅप नाही.

तेव्हा कुणी स्कोप घेणार असाल तर आधी अंतर मोजा, मग काच निवडा. दीडशे यार्डांच्या आतल्या कातरवेळच्या शिकारीला एक ते चार किंवा एक ते सहा पट भरपूर होतात. रेटिकल दुसऱ्या प्लेनमधलं, साधं, ठसठशीत आणि मध्ये उजळणारा ठिपका असलेलं घ्या. झाडं त्यांच्यासाठी, ज्यांच्या सहाशे यार्डांवर पोलादी पाट्या टांगलेल्या असतात, सासूबाई नसतात. उरलेल्या पैशांच्या गोळ्या घ्या, रेंजवर जाऊन सराव करा, आणि शिकारीला निघण्याआधी सेल बदला.